अंशांवर की अंशांनी: भोसरीतल्या एका लॉटचं प्रकरण

भोसरी एमआयडीसीतल्या एका हीट ट्रीटमेंट शॉपमध्ये, म्हणजे पोलाद तापवून-निववून हवं तितकं कडक करून देणाऱ्या कारखान्यात, चौसष्ट शाफ्टचा एक लॉट आठ दिवस होल्डवर पडून होता. माल ईएन २४ या जातीच्या पोलादाचा. अमेरिकेतलं गिऱ्हाईक आपल्या कागदावर याच जातीच्या पोलादाला ४३४० म्हणतं. शाफ्टला तडा नव्हता, वाक नव्हता. हार्डनेस, म्हणजे कडकपणा, तेवढा वर येत होता. हवा होता रॉकवेल सी या कडकपणाच्या मापावर ३६ ते ४०, आणि मिळत होता ४१-४२. पुन्हा एकदा टेम्परिंग करूनही (कडक केलेलं पोलाद परत तापवून त्याचा कडकपणा थोडा उतरवणं म्हणजे टेम्परिंग) तो जेमतेम पाऊण पॉइंट उतरला होता.

मालकांचा फोन आला तो गुरुवारी. भोसरीत गुरुवारी सुट्टी असते, त्या दिवशी फोन येतो तेव्हा काम अडलेलं आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. "सर, भट्टीच गेली वाटतं. थर्मोकपल नवीन टाकलं, कंट्रोलर तपासून घेतला, तरी तेच. एकदा येऊन बघता का?"

मी गेलो तेव्हा शॉपमध्ये तिघं होते. मालक, भट्टीवरचे मामा आणि क्वालिटीतली मुलगी. मामांची बावीस वर्षं भट्टीसमोर गेलेली. मुलगी डिप्लोमा करून वर्षभरापूर्वी लागलेली. ती रडून आलेली दिसत होती, म्हणजे माझ्याआधीच चौकशी होऊन गेली होती.

गिऱ्हाइकाचा कागद असा होता. हार्डनिंग झाल्यावर १००० अंश फॅरनहाइटला टेम्पर करा, फरक अधिक-उणे २५ चालेल, दोन तास सोकिंग, म्हणजे माल त्या तापमानाला धरून ठेवणं. हार्डनेस ४० च्या वर आला तर तापमान ५० अंश फॅरनहाइटनं वाढवून एकदाच पुन्हा टेम्पर करा. तरीही उतरला नाही तर लॉट थांबवा आणि आम्हाला विचारा.

या कागदावरून शॉपचं प्रोसेस कार्ड बनलं होतं, सेल्सिअसमध्ये, कारण भट्टीचा कंट्रोलर सेल्सिअसवर चालतो. कार्डावर तीन आकडे होते: टेम्परिंग ५३७.७८, फरक ±४, पुन्हा टेम्परिंग करायचं झाल्यास वाढ १०.

पहिला आकडा बरोबर आहे. हजारातून ३२ वजा केले की ९६८ उरतात, त्याला ५ नं गुणून ९ नं भागलं की ५३७.७८ येतात. बाकीचे दोन चुकलेले आहेत आणि दोन्ही चुका एकाच जागी झालेल्या आहेत. पण त्या दिवशी शॉपमध्ये कुणाचंच लक्ष कार्डाकडे नव्हतं. सगळे भट्टीकडे बघत होते, आणि त्याला कारणही तसंच होतं.

पहिल्याच टेम्परिंगला अलार्म वाजायला लागला होता. कार्डावर ±४ लिहिलेलं, म्हणून मामांनी कंट्रोलरला ५३४ ते ५४२ एवढीच पट्टी दिली. खड्ड्यासारख्या पिट भट्टीत सहाशे-सातशे किलोचा चार्ज, म्हणजे एका वेळचा माल, उतरवल्यावर तापमान चार अंशांत धरून ठेवणं ही साधी गोष्ट नाही. झाकण जरा हललं, पंख्याचा वेग जरा कमी-जास्त झाला की ५३३. शॉपचा नियम असा की पट्टीबाहेर गेलं की सोकिंगचं घड्याळ पुन्हा शून्यापासून. दोन तासांचं काम पाच तासांवर गेलं. चार्ट रेकॉर्डरचा कागद मी पाहिला तर रेघ सुंदर सपाट होती, ५३१ आणि ५४५ च्या मध्ये हलकेच डोलणारी. त्या रेघेत काहीही वावगं नव्हतं. गिऱ्हाइकानं खरं तर ५२४ पासून ५५१ पर्यंत मोकळीक दिली होती.

अलार्म वाजतोय म्हणजे भट्टी बिघडली, असा समज एकदा पक्का झाला की पुढचं सगळं त्याच वाटेनं जातं. मामांनी थर्मोकपल, म्हणजे भट्टीचं तापमान मोजणारा सेन्सर, काढून उकळत्या पाण्यात बुडवलं. ९८ दाखवलं. हेल्पर म्हणाला, पाणी शंभरला उकळतं, हे दोननं कमी दाखवतंय, बदलूया. नवं आणलं, तेही ९८. मग संशय कंट्रोलरवर गेला.

थर्मोकपल दोन्ही वेळा खरं बोलत होतं. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरपेक्षा थोडं जास्त उंच आहे. इथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळतं. शंभरला उकळतं ते समुद्रकाठी. पुण्यात बसून ज्याला उपकरण तपासायचंय त्यानं हा आकडा ध्यानात ठेवलाच पाहिजे. (त्यातही उकळत्या पाण्यातली परीक्षा ५४० अंशांवरच्या वागणुकीची खात्री देत नाही. त्यासाठी कॅलिब्रेट केलेलं मास्टर थर्मोकपल त्याच तापमानाला शेजारी घालून बघावं लागतं. माझ्याकडचं मास्टर घालून पाहिलं, फरक दोन अंशांचा निघाला. भट्टी ठणठणीत होती.)

मग मी कार्ड मागितलं आणि ±४ वर थांबलो. मुलीला विचारलं, "पंचवीसचे चार कसे केलेस?"

तिनं फोन काढला आणि करून दाखवलं. कन्व्हर्टरमध्ये २५ फॅरनहाइट टाकले. उत्तर आलं: उणे ३.९.

"उणे आलं सर, पण आधीच अधिक-उणे लिहिलंय ना, म्हणून चिन्ह सोडलं. आणि ३.९ चे ४ केले."

"आणि पन्नासचे?"

तिनं ५० टाकले. उत्तर १०.

फोननं खोटं सांगितलेलं नव्हतं. ५० अंश फॅरनहाइट म्हणजे १० अंश सेल्सिअस हे अगदी खरं आहे. डिसेंबरात पुण्यात पहाटे पारा १० वर येतो, तीच पहाट फॅरनहाइटच्या थर्मामीटरवर ५० दाखवील. पण गिऱ्हाईक भट्टी पहाटेइतकी गार करायला सांगत नव्हतं. आहे तिथून ५० पायऱ्या वर चढायला सांगत होतं. पायऱ्या मोजताना ३२ चा काही संबंधच येत नाही. फॅरनहाइटच्या पायऱ्या आखूड, ९ पायऱ्या म्हणजे सेल्सिअसच्या ५. म्हणून ५० पायऱ्या म्हणजे २७.८, आणि २५ पायऱ्या म्हणजे १३.९. कार्डावर हवे होते ±१४ आणि २८. होते ±४ आणि १०.

या पोलादाचा हार्डनेस ५४० च्या आसपास टेम्परिंग ५५ अंशांनी वाढवलं की चार-पाच पॉइंट उतरतो. २८ नं वाढवलं असतं तर दोनएक पॉइंट उतरला असता आणि लॉट ४० च्या आत आला असता. १० नं वाढवल्यावर पाऊणच उतरणार होता, आणि पाऊणच उतरला. भट्टीनं, पोलादानं, थर्मोकपलनं, सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं होतं. आणि पुन्हा टेम्परिंगची परवानगी एकदाच होती, ती वापरून झाली होती.

मालक चिडले. "एवढं साधं कळत नाही का?" असं काहीसं म्हणाले. मला ते पटलं नाही, आणि मी तसं सांगितलंही. हे साधं नाही. शाळेत आपण जे सूत्र पाठ करतो ते ठिकाणाचं सूत्र आहे: अमुक फॅरनहाइट म्हणजे किती सेल्सिअस. परीक्षेत प्रश्न कायम तोच. "इतक्या फॅरनहाइटनं वाढलं तर इतक्या सेल्सिअसनं वाढलं" हा प्रश्न मला तरी माझ्या शाळेत कुणी घातल्याचं आठवत नाही. फोनमधला कन्व्हर्टरही ठिकाणच विचारात घेतो, आणि तुम्ही काय विचारताय हे त्याला कळायचा मार्ग नाही. चूक त्या मुलीची एकटीची नव्हती. कार्डावर आणखी दोन सह्या होत्या.

मामा इतका वेळ ऐकत होते. म्हणाले, "साहेब, मला ते नऊ-पाच नका सांगू. मला उलगडून सांगा."

मी विचारलं, "मामा, घरी कुणाला ताप आला तर किती म्हणता?"

"नातवाला मागच्या आठवड्यात एकशेतीन होता."

"औषधानं किती झाला?"

"रात्री एकशेएक."

"म्हणजे कितीनं उतरला?"

"दोननं."

मी मुलीला म्हटलं, आता कन्व्हर्टरमध्ये दोन फॅरनहाइट टाक. तिनं टाकले. उणे १६.७.

मामा फोनच्या स्क्रीनकडे बघत राहिले. "पोराचा ताप उणे सोळानं उतरला? कसं व्हायचं ते?" मग मुलीनंच कागदावर मांडलं: १०३ म्हणजे ३९.४, १०१ म्हणजे ३८.३, वजाबाकी १.१. दोन फॅरनहाइटनं उतरला म्हणजे १.१ सेल्सिअसनं उतरला. तिनं पुन्हा ५० चं तसंच केलं: १०५० म्हणजे ५६५.६, १००० म्हणजे ५३७.८, वजाबाकी २७.८. पेन्सिल ठेवली आणि गप्प बसली.

आपल्या घराघरात दोन्ही मापं नांदतात. ताप फॅरनहाइटमध्ये आणि हवा सेल्सिअसमध्ये. "शंभर ताप आहे" म्हटलं तर कुणी घाबरून विचारत नाही की रक्त उकळतंय का, आणि "आज चाळीस आहे" म्हटलं तर कुणी थंडीचे कपडे कपाटातून बाहेर काढत नाही. एवढी सवय असूनही दोन्हींमध्ये पूल बांधायची वेळ आपल्यावर क्वचितच येते, कारण ताप आणि हवा एकमेकांना भेटत नाहीत. कारखान्यात भेटतात.

मुलीनं विचारलं, "पण हे ३२ आलंच कुठून सर?" प्रश्न रास्त होता. फॅरनहाइट या माणसानं १७२४ मध्ये आपलं माप प्रसिद्ध केलं. बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाला त्यानं ० म्हटलं, नुसत्या बर्फ-पाण्याला ३२, आणि निरोगी माणसाच्या अंगाच्या उष्णतेला ९६. शून्य इतकं खाली असल्यानं रोजच्या हवामानात उणे आकडे कमी येतात. स्वीडनच्या सेल्सिअसनं १७४२ मध्ये पाण्याचं गोठणं आणि उकळणं या दोन टोकांमध्ये शंभर भाग केले, पण उलटे: उकळणं ० आणि गोठणं १००. त्याच्या मृत्यूनंतर ते सुलटे झाले. फॅरनहाइटमध्ये याच दोन टोकांमधलं अंतर ३२ पासून २१२ पर्यंत, म्हणजे १८० पायऱ्या. १८० ला १०० म्हणजेच ९ ला ५. दोन मापांत दोन गोष्टी वेगळ्या आहेत, शून्य कुठे आणि पायरी केवढी. ठिकाण बदलताना दोन्ही लागतात, अंतर बदलताना फक्त पायरी.

तिला मी शकाचंही उदाहरण दिलं. इसवी सनातून शक काढताना एप्रिलनंतरच्या तारखेसाठी ७८ वजा करतो. पण वीस वर्षांच्या मुलाचं वय शकात उणे अठ्ठावन्न होत नाही. वर्षाची लांबी दोन्हीकडे तीच, मोजायला सुरुवात तेवढी वेगळी. सेल्सिअस आणि केल्विनचं नातं असंच आहे. ठिकाण असेल तर २७३.१५ मिळवायचे, अंतर असेल तर काहीच करायचं नाही.

जाता जाता ५३७.७८ बद्दल. हा आकडा गणितानं बरोबर असला तरी कार्डावर तसा लिहायला नको होता. मूळ १००० होते आणि २५ इकडे-तिकडे चालणार होते. त्यातून दशांशाची दोन घरं कुठून येतील? शॉपचा कंट्रोलर तर पूर्ण अंशच वाचतो. ५३८ पुरे. रूपांतरातून आलेला दशांश मोजमापातून आल्यासारखा दिसतो आणि माणूस त्याला नको तितका मान देतो. अंगाच्या उष्णतेचा ९८.६ हा आकडा असाच. जर्मन डॉक्टर वुंडरलिख यांनी १८६८ मध्ये ३७ सेल्सिअस हा पूर्णांक सांगितला, त्याचं फॅरनहाइट झालं आणि .६ चिकटला तो कायमचा. पुण्याचे जुने विक्रम बघा. ३० एप्रिल १८९७ ला ४३.३ आणि १७ जानेवारी १९३५ ला १.७. हे आकडे फॅरनहाइटमध्ये नेले की ११० आणि ३५ येतात, दोन्ही सरळ पूर्णांक. त्या काळी पुण्यात नोंद कोणत्या मापात होत होती हे त्या दशांशांतूनच डोकावतं.

आता दुरुस्तीकडे. दुपारी आम्ही कार्ड समोर घेऊन बसलो. पॅनेलशेजारच्या भिंतीवर एएमएस २७५० या मानकाचा तक्ता लावलेला होता, भट्टीच्या तापमान-एकसारखेपणाचे वर्ग दाखवणारा. त्यात वर्ग ५ पुढे छापलं होतं ±१४ सेल्सिअस, ±२५ फॅरनहाइट. वर्ग ६ पुढे ±२८ आणि ±५०. म्हणजे या प्रकरणातली दोन्ही बरोबर उत्तरं भिंतीवर शेजारी-शेजारी टांगलेली होती. मुलीनं ती स्वतःच बोट ठेवून दाखवली.

मला वाटत होतं, कार्डावर अंतरासाठी वेगळं चिन्ह ठरवावं. मामांनी ते मोडून काढलं. म्हणाले, "चिन्ह कोण लक्षात ठेवतंय साहेब? सरळ लिहा ना. भट्टी इतक्या अंशांवर लाव. इतक्या अंशांनी वाढव. 'वर' असलं तर एक हिशेब, 'नी' असलं तर दुसरा."

बावीस वर्षं भट्टीसमोर काढलेल्या त्या माणसाकडे मी बघतच राहिलो. मराठीनं हा भेद आधीच करून ठेवलाय. पन्नास अंशांवर आणि पन्नास अंशांनी या दोन वाक्यांत गोंधळ होऊच शकत नाही. आपण कार्डावर आकडे आणि चिन्हं तेवढी उतरवतो आणि तो प्रत्यय गाळून टाकतो, जो सगळं सांगत असतो. इंग्रजी कागदावर तोच भेद एका छोट्या शब्दानं केलेला असतो, तोही भाषांतरात पडतो.

नव्या कार्डात प्रत्येक तापमानासमोर एक रकाना आला: "वर / नी". "वर" असेल तर ३२ वजा करून ५ नं गुणून ९ नं भागायचं. "नी" असेल तर ३२ ला हात लावायचा नाही. अधिक-उणे नेहमी "नी". आणि उत्तर दुसऱ्या वाटेनं पडताळायचं: दोन्ही टोकांचं ठिकाण वेगवेगळं काढून वजाबाकी करायची, जशी तिनं तापाची केली होती. उत्तरात उणे चिन्ह आलं आणि ते का आलं हे सांगता येत नसेल तर कार्डावर सही करायची नाही. हा शेवटचा नियम मुलीनं सुचवला. ते उणे ३.९ हीच सगळ्यात मोठी घंटा होती आणि ती तिच्या हातातच वाजली होती, हे तिला आता लख्ख दिसत होतं.

संध्याकाळी गिऱ्हाइकाला मेल गेली. काय झालं ते जसंच्या तसं लिहिलं, चार्टचे फोटो जोडले, आणि १०५० फॅरनहाइटला आणखी एकदा टेम्परिंग करायची परवानगी मागितली. मालक आधी कचरत होते. पण मूळ सूचनेतली वाढ आम्ही दिलीच नव्हती हे चार्टवरून स्वच्छ दिसत होतं आणि ते लपवण्यासारखं नव्हतं. होकार दुसऱ्या दिवशी आला.

५६६ वर भट्टी लागली. पट्टीसाठी मुलीनं १०२५ आणि १०७५ ची ठिकाणं काढली: ५५१.७ आणि ५७९.४. "सर, ५६६ मध्ये १४ मिळवले तर ५८० होतात, ते बाहेर जातं." म्हणून कार्डावर ±१३ लिहिलं. टोकांचे आकडे पूर्णांकात आणताना ते आतल्या बाजूला न्यायचे, हे मी सांगायच्या आधी तिनं केलं. दोन तासांच्या सोकिंगमध्ये अलार्म एकदाही वाजला नाही. मामा एक पाय स्टुलावर टाकून चहा प्यायले. निवलेले शाफ्ट एकेक करून रॉकवेल मशीनवर चढले. ३८ ते ३९.५, चौसष्टच्या चौसष्ट.

महिन्याभरानं दुसऱ्या एका कामासाठी तिकडे गेलो तेव्हा जर्मनीहून आलेलं ड्रॉइंग टेबलावर होतं. त्यात लिहिलं होतं: ५६० °से., ±१० के. जर्मन कागदांवर फरक पुष्कळदा केल्विनमध्येच देतात, म्हणजे तो ठिकाण म्हणून वाचलाच जात नाही. मामांनी त्या "के" वर बोट ठेवून मुलीला विचारलं, "ताई, हे वर का नी?"

"नी," ती म्हणाली, आणि रकान्यात १० लिहिले.